कुंग फू शिकायला चीनला जायचे आहे? डहाणू-तलासरीच्या तरुणांसाठी काही रोखठोक मुद्दे

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी कोलकात्याहून ग्वांगझूला विमान निघाले आणि २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी जुलै महिन्यात जगप्रसिद्ध शाओलिन विहाराचे प्रमुख शी योंगशिन यांच्यावर विहाराचा पैसा हडपल्याचा आरोप झाला आणि त्यांचे भिक्खूपद काढून घेण्यात आले. या दोन्ही बातम्यांचा डहाणू-तलासरीशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. संबंध आहे. या दोन तालुक्यांत तरुणांसोबत काम करताना आम्हाला हल्ली एक प्रश्न वरचेवर विचारला जातो: "दादा, शाओलिनला जाऊन कुंग फू शिकता येतं का? ते आपल्या बुद्धाचंच ठिकाण आहे ना?"

मोबाईलवर रोज दिसणारे व्हिडिओ या प्रश्नामागे आहेत. डोंगराच्या पायऱ्यांवर उड्या मारणारे भगव्या वस्त्रातले भिक्खू, पहाटेचा सराव, आणि खाली जाहिरात: "प्रवेश सुरू, जगातील कोणीही येऊ शकतो." विचारणाऱ्यांत बौद्ध घरातली मुले आहेत, तशी वारली, कोकणा, धोडिया समाजातलीही आहेत. मुलीही आहेत.

आम्ही या प्रश्नाला हसत नाही. इंजिनीअर व्हायला परदेशी जाणारा मुलगा हुशार आणि लढण्याची कला शिकायला जाणारा मुलगा वेडा, हा भेद आम्हाला मान्य नाही. एखादी कला केवळ तिच्या ओढीने, तिच्या मूळ गावी जाऊन शिकावी, ही इच्छा श्रीमंतांच्या मुलांनाच शोभते असे कुठे लिहिलेले नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना वारली चित्रांसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रे परदेशातल्या प्रदर्शनांत गेली. पारंपरिक कला आणि परदेश हे नाते या मातीला नवे नाही. म्हणूनच या विषयाचा नीट विचार व्हायला हवा. स्वप्न मोठे असले की त्याच्या आजूबाजूला दुकाने लवकर उभी राहतात.

शाओलिन म्हणजे नेमके काय?

शाओलिन विहार चीनच्या हेनान प्रांतात, देंगफेंग शहराजवळ सोंग पर्वतावर आहे. उत्तर वेई घराण्याचा सम्राट शियाओवेन याने इ.स. ४९५ मध्ये भारतातून आलेल्या बातुओ नावाच्या भिक्खूसाठी तो बांधला, असे परंपरा सांगते. इ.स. ६२१ मध्ये येथील भिक्खूंनी पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिन याला लढाईत मदत केली. त्याने विहाराला पाठवलेले पत्र ७२८ च्या शिलालेखात कोरलेले आहे. १९२८ मध्ये एका लष्करी सरदाराने विहार जाळला. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात भिक्खूंचा छळ झाला. १९८२ मध्ये जेट ली यांचा 'शाओलिन टेंपल' हा चित्रपट आला आणि ओस पडलेल्या या ठिकाणाकडे तरुणांची रीघ लागली. २०१० मध्ये देंगफेंग परिसरातील ऐतिहासिक वास्तूंना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आता महत्त्वाचा मुद्दा. आज "शाओलिनला शिकायला जातो" म्हणणारे बहुतेक परदेशी विद्यार्थी विहारात शिकत नाहीत. ते देंगफेंग आणि आसपासच्या खासगी अकादम्यांत शिकतात. तिथे अशा शाळांची मोठी बाजारपेठ आहे. त्यातली तागौ ही सर्वात मोठी शाळा १९७८ मध्ये सुरू झाली. तिच्यात हजारो चिनी मुले निवासी शिक्षण घेतात आणि २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या उद्घाटनातही तिचे विद्यार्थी होते. तिथल्या अनेक मुलांसाठी ही शाळा म्हणजे पोटापाण्याचा मार्ग आहे. पुढे पोलीस, सैन्य, सुरक्षारक्षक, व्यायामशिक्षक किंवा चित्रपटातली कामे मिळतील, या आशेवर खेड्यातले आई-बाप मुलांना तिथे घालतात. आपल्याकडची पोलीस भरतीची अकादमी आठवा, म्हणजे चित्र लक्षात येईल.

या व्यवसायात वाईट काही नाही, पण तो व्यवसाय आहे हे माहीत हवे. भगवे वस्त्र घालून प्रात्यक्षिक करणारा प्रत्येक जण दीक्षा घेतलेला भिक्खू असतोच असे नाही. तुम्ही फी भरता, ते शिकवतात. तिथे गेल्याने धम्माची दीक्षाही मिळत नाही आणि विहाराचे सदस्यत्वही मिळत नाही.

शिवाय चिनी युद्धकला म्हणजे एकटे शाओलिन नव्हे. हुबेई प्रांतातील वुदांग पर्वताची परंपरा ताओ पंथाशी जोडलेली आहे. ताई-ची या कलेचे एक मूळ घराणे हेनानमधल्याच चेन कुटुंबाच्या गावात आहे. विंग चुन दक्षिणेत फोशान आणि हाँगकाँगमध्ये वाढली. कोणती कला, कोणत्या गुरूकडे आणि कशासाठी शिकायची, याचे उत्तर तयार नसेल तर व्हिडिओ ज्याचा चांगला, त्याच्याकडे आपण जाऊ.

'बोधिधम्माने दिलेली कला' म्हणजे काय?

आपल्या तरुणांमध्ये एक समज पक्का आहे. भारतातून गेलेल्या बोधिधम्माने शाओलिनच्या भिक्खूंना युद्धकला शिकवली, म्हणून कुंग फू मूळची आपलीच. हे ऐकायला छान वाटते, पण त्याला भक्कम पुरावा नाही. बोधिधम्माविषयीच्या सर्वात जुन्या चिनी उल्लेखांत युद्धकलेचा विषयच येत नाही. त्यांच्या नावावर सांगितला जाणारा 'यीजिन जिंग' हा व्यायामाचा ग्रंथ १६२४ च्या सुमाराचा, म्हणजे त्यांच्यानंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिलेला आहे, असे अभ्यासक दाखवून देतात. शाओलिनची युद्धकला चिनी समाजातच, तिथल्या गरजांमधून वाढली.

बौद्ध म्हणून आपण इतिहासाकडे कसे पाहतो, याची ही परीक्षा आहे. केवळ परंपरेने चालत आले म्हणून किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही कालाम सुत्ताची शिकवण आपण भाषणात सांगतो. तीच इथे लावायला हवी. 'जगातले सगळे आमच्याकडूनच गेले' हा दावा ज्यांच्या तोंडी आपल्याला खटकतो, त्यांची भाषा आपण का बोलावी?

अभिमानच हवा असेल तर खरा अभिमान जवळ आहे. आपल्या पालघर जिल्ह्यातले सोपारा हे प्राचीन बंदर होते. तिथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उत्खनन करून जगासमोर आणला. फाहियान आणि ह्युएन त्संग हे चिनी भिक्खू शिकण्यासाठी भारतात आले. ह्युएन त्संग तर सातव्या शतकात महाराष्ट्रातही येऊन गेले. त्यांनी वर्षानुवर्षे भाषा शिकली, ग्रंथ अभ्यासले आणि मग परतले. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, तिथली भाषा शिकले, लोकांत मिसळले आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. परदेशी जाऊन शिकणे कसे असते, हे या माणसांकडून समजते. तीन महिन्यांत प्रमाणपत्र आणि फोटो घेऊन येणे त्यात बसत नाही.

शी योंगशिन प्रकरणाचा धडा

शी योंगशिन १९९९ पासून शाओलिनचे प्रमुख होते. त्यांनी विहाराचे नाव जगभर नेले, प्रात्यक्षिकांचे दौरे काढले, व्यवसाय उभे केले. लोक त्यांना 'सीईओ भिक्खू' म्हणत. जुलै २०२५ मध्ये विहारानेच जाहीर केले, की निधीचा अपहार आणि भिक्खूच्या शीलाला न शोभणारे संबंध, अशा आरोपांवरून त्यांची चौकशी सुरू आहे. चीनच्या बौद्ध संघटनेने त्यांचे दीक्षा प्रमाणपत्र रद्द केले आणि विहारावर नवे प्रमुख आले.

आरोपांचा निकाल तिथली न्यायव्यवस्था लावेल. आपल्यासाठी धडा वेगळा आहे. चीवर पाहून डोळे मिटायचे नाहीत. गुरू कितीही प्रसिद्ध असो, पैशाची पावती, प्रवेशाचे पत्र, राहण्याची सोय आणि मुलींच्या सुरक्षिततेची व्यवस्था मागून घ्यायची. हे मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. जो गुरू हे प्रश्न विचारल्यावर चिडतो, त्याच्याकडे मुलांना पाठवायचे नाही. हा नियम देंगफेंगला लागू आहे आणि बोईसरला भाड्याच्या गाळ्यात चालणाऱ्या क्लासलाही.

व्हिसा, पैसा आणि राजकारण

आता व्यवहाराचे बोलू. चीनमध्ये १८० दिवसांपर्यंतच्या शिक्षणासाठी एक्स-२ आणि त्याहून जास्त काळासाठी एक्स-१ व्हिसा लागतो. एक्स-१ साठी प्रवेशपत्रासोबत संस्थेमार्फत मिळणारा अधिकृत अर्जही हवा असतो. परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकार प्रत्येक अकादमीला नसतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: "तुम्ही मला शिक्षणाच्या व्हिसासाठी लागणारी कागदपत्रे देणार का?" उत्तर "पर्यटक व्हिसावर या, पुढचे आम्ही बघतो" असे आले, तर तिथेच थांबायचे. हॉटेलबाहेर राहणाऱ्या परदेशी माणसाला पोहोचल्यापासून २४ तासांत स्थानिक पोलिसांकडे नोंद करावी लागते. व्हिसाचा नियम मोडला तर दंड, अटक किंवा परत पाठवणी होऊ शकते. तिथे आपल्या ओळखीचा नगरसेवक नसतो.

खर्चाचे पाहू. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या अकादम्या राहणे-जेवणासह महिन्याला काही शे अमेरिकी डॉलर घेतात. सहा महिन्यांची फी, विमान, व्हिसा, विमा धरला तर हिशेब काही लाख रुपयांवर जातो. आता इकडचे पाहा. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. पूर्ण १०० दिवस काम मिळाले तरी वर्षाला ३१,२०० रुपये होतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न कळतो. बचत गटाचे किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज काढून, आईचे डोरले गहाण ठेवून कुणीही या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुखापत झाली, मध्येच परत यावे लागले, तर हप्ते घरच्यांना भरावे लागतात.

राजकारणाचाही फटका बसतो. २०२० मध्ये कोरोनामुळे चीनने सीमा बंद केल्या, तेव्हा तिथे शिकणारे २३ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी, बहुतेक वैद्यकीय शाखेचे, दोन वर्षांहून अधिक काळ परत जाऊ शकले नाहीत. युद्धकलेच्या खेळाडूंना तर थेट झळ बसली. जुलै २०२३ मध्ये चेंगदू येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेसाठी अरुणाचल प्रदेशच्या तीन वुशू खेळाडूंना चीनने पासपोर्टला टाचलेला वेगळा व्हिसा दिला. भारताने तो नाकारला आणि वुशूचा संघच पाठवला नाही. दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अरुणाचलच्याच न्येमान वांगसू, ओनिलू तेगा आणि मेपुंग लामगू या तीन मुलींना जाता आले नाही. त्यांची तयारी पूर्ण होती. दोन सरकारांच्या भांडणात त्यांची संधी गेली. म्हणून ज्याचे सगळे भवितव्य चीनच्या एका व्हिसावर टांगलेले आहे, अशी योजना धोक्याची.

एजंट नावाचा धोका

"खर्च आम्ही करतो, तिकडे शिका आणि शिकवता शिकवता कमवा," असे सांगणारा कुणी भेटला, तर अधिक सावध व्हा. गेल्या काही वर्षांत थायलंडमार्गे नोकरीच्या आमिषाने नेलेले भारतीय तरुण म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडले गेले. मार्च २०२५ मध्ये दोन दिवसांत भारत सरकारने अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. त्यांतल्या कित्येकांना हॉटेलातले, संगणकाचे साधे काम सांगितले गेले होते. कामाचे नाव बदलते, सापळा तोच राहतो. उद्या त्यावर 'मार्शल आर्ट प्रशिक्षक' असे लिहिलेले असेल.

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटची नोंद केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर असते, ती पाहता येते. मूळ पासपोर्ट कुणाच्याही हाती देऊन ठेवायचा नाही. चीनच्या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कमाईचे काम करता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

शिष्यवृत्तीतून जाता येईल का?

हा प्रश्न बौद्ध विद्यार्थी हमखास विचारतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी, जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठांसाठी आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची वेगळी परदेश शिष्यवृत्ती आहे. यांतली कोणतीही योजना खासगी कुंग फू अकादमीची फी भरत नाही.

एक सरळ मार्ग मात्र आहे. बीजिंग क्रीडा विद्यापीठ आणि शांघाय क्रीडा विद्यापीठ यांसारख्या संस्थांत वुशूचे पदवी शिक्षण मिळते आणि तिथे परदेशी विद्यार्थी घेतले जातात. चीन सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तर फी, निवास आणि दरमहा भत्ता मिळू शकतो. पदवीसाठी बारावी उत्तीर्ण आणि वय २५ च्या आत असावे लागते. चिनी भाषेची तयारी हवी. याचा अर्थ स्पष्ट आहे: ज्याला खरेच चीनला जाऊन शिकायचे आहे, त्याने बारावी सोडून चालणार नाही. कुंग फूसाठी शाळा सोडणारा मुलगा कुंग फूची वाटही बंद करून घेतो.

अडथळा तलासरीतच आहे

आता आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतो. पारंपरिक युद्धकला वर्षांच्या हिशेबात शिकली जाते. पाया पक्का नसलेला मुलगा तीन महिने देंगफेंगला राहिला, तर दोन-तीन ठरलेल्या हालचाली आणि भरपूर फोटो घेऊन येईल. पाच वर्षे घरच्या मैदानावर घाम गाळलेली मुलगी त्याच तीन महिन्यांत दहापट शिकेल. म्हणून खरा प्रश्न हा, की तलासरीतल्या मुलाला सलग पाच वर्षे सराव कुठे करता येतो?

उत्तर कटू आहे. तलासरीत दहातले नऊ लोक आदिवासी आहेत. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा गुजरातकडे कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. मुले कधी सोबत जातात, कधी आश्रमशाळेत राहतात. दहावी झाली की आश्रमशाळेचे छप्पर अनेकांच्या डोक्यावरून जाते. मग कुणी उंबरगावच्या कारखान्यात, कुणी सिल्वासाला, कुणी डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात किंवा चिकूच्या वाडीत. कलेला सातत्य लागते आणि इथे गरिबी ते सातत्य मोडते. दरवर्षी मोडते. चीनच्या भिंतीआधी ही भिंत आहे.

ही भिंत ओलांडता येते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातली नाओरेम रोशिबिना देवी हिने वुशूमध्ये २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊला, चीनच्याच भूमीवर, रौप्यपदक मिळवले. तेव्हा तिचे राज्य हिंसाचारात जळत होते. तिने ते पदक मणिपूरला अर्पण केले आणि येऊ न शकलेल्या आपल्या मैत्रिणीची, ओनिलूची आठवण काढली. हरियाणाच्या पूजा कादियानने २०१७ मध्ये कझानला जागतिक स्पर्धेत भारताला वुशूचे पहिले सुवर्ण मिळवून दिले. वुशू म्हणजे चिनी युद्धकलांचेच आधुनिक क्रीडारूप. त्यात ताओलू म्हणजे ठरलेल्या हालचालींचे सादरीकरण आणि सांडा म्हणजे प्रत्यक्ष लढत. २०२६ च्या डाकार युवा ऑलिम्पिकमध्येही वुशूचा समावेश करण्यात आला आहे.

वुशू शालेय क्रीडा स्पर्धांत आहे. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये भत्ता मिळतो. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या ठरलेल्या स्तरावरील स्पर्धेचेच प्रमाणपत्र चालते. एखाद्या क्लासने पैसे घेऊन दिलेला काळा पट्टा किंवा 'आंतरराष्ट्रीय' असे छापलेले प्रमाणपत्र तिथे उपयोगी पडत नाही. क्लासला पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, की या खेळाची कोणती संघटना ग्राह्य धरली जाते.

शासनाने ठरवले तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य' मोहिमेत चंद्रपूरच्या आश्रमशाळांतल्या पाच मुलामुलींनी एव्हरेस्ट सर केले. प्रशिक्षण, साहित्य, प्रवास, सगळे शासनाने केले. एव्हरेस्टसाठी हे होऊ शकते, तर डहाणू प्रकल्पातल्या आश्रमशाळांत एक कायमस्वरूपी प्रशिक्षक का मिळू नये?

शस्त्र, शील आणि आपली परंपरा

बौद्धांनी लढण्याची कला शिकावी का, अशी शंका काही उपासक-उपासिका घेतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार मांडताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, ते विवेकाने वापरायचे आहे. अन्यायापुढे मान तुकवणे म्हणजे मैत्री नव्हे. शरीर सक्षम असलेला माणूस उलट कमी भितो आणि म्हणून कमी हिंसक होतो.

आपल्या चळवळीला मैदानाची परंपरा आहे. पुण्यात लहुजी साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले तयार झाले. बाबासाहेबांच्या काळात समता सैनिक दलाने समाजाच्या सभा-संमेलनांना संरक्षण दिले, तरुणांना शिस्त लावली. १९४५ चा वारली उठावही याच तलासरी-डहाणूच्या जंगलपट्टीत झाला, वेठबिगारीविरुद्ध माणसे उभी राहिली. त्यामुळे आपल्या मुलांना कणखर व्हायला कुणाकडून परवानगी घ्यायची गरज नाही.

मुलींसाठी तर हा रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. संध्याकाळच्या लोकलने डहाणू रोडला उतरून पुढे सहा आसनी रिक्षाने पाड्यावर जाणाऱ्या मुलीला विचारा. तिला आधी न घाबरता घरी पोहोचायचे आहे, पदकाचा विचार त्यानंतर.

करायचे काय?

डहाणू आणि तलासरीतल्या कार्यकर्त्यांसमोर आम्ही काही ठोस गोष्टी ठेवतो.

पहिली, जिथे विहार आहे तिथले अंगण आणि जिथे नाही तिथले शाळेचे मैदान आठवड्यातून किमान तीन दिवस सरावासाठी ठरवा. तलासरीत बौद्ध घरे थोडी आहेत, म्हणून हे काम आदिवासी युवक संघटनांसोबत, त्यांच्या नेतृत्वाचा मान राखून करावे लागेल. मैदान सगळ्यांचे असावे. तिथे कुणाच्या श्रद्धेवर हक्क सांगायचा नाही.

दुसरी, डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे वुशू, ज्युदो, कुस्ती यांपैकी निदान एका खेळाच्या नियमित प्रशिक्षकाची लेखी मागणी करा. निवेदनाची पोच घ्या आणि पाठपुरावा करा.

तिसरी, स्थलांतराच्या काळात सराव करणारी मुले गावातच राहतील अशी सोय करा. हंगामी वसतिगृह, नातेवाइकांचे घर, शिक्षकांची मदत, जे जमेल ते. या एका गोष्टीवर बाकी सगळे अवलंबून आहे.

चौथी, प्रशिक्षकाची पार्श्वभूमी तपासा. मुलींच्या वर्गात महिला प्रशिक्षक किंवा पालकांपैकी एक महिला हजर असावी. मुलांना इजा झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, हे आधी ठरवा.

पाचवी, पाच वर्षे टिकलेल्या, बारावी झालेल्या एका मुलाला किंवा मुलीला पुढे पाठवायची जबाबदारी समाजाने उचला. आधी राष्ट्रीय स्पर्धा, मग चिनी भाषा, मग विद्यापीठाचा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर जितका खर्च होतो, त्यातला काही भाग या निधीत गेला तर बाबासाहेबांच्या जयंतीचा मान वाढेलच.

शाओलिनला जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. जा. पण एजंटाच्या बोटाला धरून, आईच्या कर्जावर, पर्यटक व्हिसावर जाऊ नका. पाया घेऊन जा, भाषा घेऊन जा, कागद पक्के करून जा आणि परत आल्यावर पाड्यावरच्या वीस मुलांना शिकवा. ज्यांना हे काम आपल्या गावात सुरू करायचे आहे, त्यांनी येत्या रविवारी चार जण जमवून मैदान ठरवावे. देंगफेंगचे विमान पुढेही असेल, तलासरीतले दहा वर्षांचे मूल मात्र पाच वर्षांनी पंधराचे होईल.

जय भीम.